मिसरीची दुसरी चिमूट

बाई, काल तुमच्या नातीच्या नातीचं नाव ठेवलं. म्हणजे ती माझी पणती. तुमची कोण, ते लावता लावता तुमची दुपार गेली असती. पोरगी अशी आहे की तिला मांडीवर घेतलं की माझे गुडघे दुखायचं विसरतात. काल तीन तास बसून होती मी, कोणी उठवायला आलं की हाकलून देत होती. सगळ्यांचं म्हणणं, ती माझ्यावर गेली. मी तोंडानं नाही नाही म्हणत होती अन् आतून फुगत होती. तिच्या तोंडात अजून दात नाही, पण हसते तर सगळं तोंड उघडून हसते, आतून गुलाबी गुलाबी. तुमच्याही तोंडात शेवटी फारसे दात उरले नव्हते, पण तुमचं तोंड उघडलं की चुलीमागच्या भिंतीची आठवण यायची. हे पहिल्याच ओळींत लिहून टाकलं, म्हणजे मी गोडीगुलाबीचं पत्र लिहायला बसली असा तुमचा गैरसमज होणार नाही. मी चौथीपर्यंत शिकली, तुम्ही तेवढंही नाही. हे पत्र तुमच्या हाती पडलं असतं तरी वाचून दाखवायला तुम्ही मलाच, सुनेलाच, हाक मारली असती, अन् मी अर्धं गाळून वाचलं असतं.

काल जेवणं झाल्यावर जावयाकडचा एक पाहुणा ओसरीत बसून तळहातावर तंबाखू मळायला लागला. बाजूलाच सतरंजीवर पोरगी झोपलेली. तुमच्या नातीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, त्याला उठवून फाटकाबाहेर नेऊन बसवलं, पुडी मागून घेतली अन् कपाटाच्या वर ठेवून दिली. ती आता स्वतः आजी आहे, पण तिचा आवाज अजून अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत जातो. मग सगळ्यांना सांगत बसली, की मी दीड वर्षाची असताना माझ्या आजीच्या डबीतली मिसरी खाऊन मेलीच होती. पुढची गोष्ट तिला पाठ आहे. आजीनं डबी खाली ठेवली, आजीनं मीठपाणी पाजलं, मग आजीच्या हातात पुन्हा लेकरू दिलं नाही. फार रंगवून सांगते. तोंड भरून तुमचं ते ‘हूं हूं’ तर असं करते की माणसं लोळतात. काल पण लोळली. मी पण हसली. तिला तुमचा चेहरा आठवत नाही, बाई. ही सगळी नक्कल तिनं माझ्याकडून उचलली आहे.

पण नक्कल करावी असंच तुमचं ते होतं, यात मी माघार घेणार नाही. लग्न होऊन मी बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात आली तेव्हा सगळ्यांनी मला तुमची एकच गोष्ट सांगितली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तुम्ही घरातले सगळे देव एका फडक्यात बांधले, स्वतःच्या हातानं नदीत सोडले अन् मागं वळून पाहिलं नाही. चांगली गोष्ट, मी अजून मान देते. पण देव गेले अन् देवळी रिकामी झाली, तर त्या देवळीत तुम्ही ठेवलं काय? मिसरीची डबी. डबी तरी कोणती, तर बुटाच्या पॉलिशची. दाताला लावायची वस्तू पॉलिशच्या डबीत. रंगही तोच, शोभत होतं. आठवड्यातून एकदा तुम्ही फुटक्या तव्यात तंबाखू काळीठिक्कर होईपर्यंत भाजायच्या. क्वार्टरांची अख्खी लाइन शिंकायची. शेजारणी पोरं घेऊन बाहेर निघायच्या अन् तुम्ही त्या धुरात अशा बसायच्या, जसं काही पुरण घाटून राहिल्या. मग वरवंट्यानं वाटायच्या, फडक्यातून गाळायच्या, डबीत अंगठ्यानं दाबून दाबून भरायच्या अन् वरून सपाट करायच्या. रोज सकाळी एकच चिमूट घ्यायची, डबी देवळीत परत ठेवायची, अन् मोरीपाशी उकिडवं बसून दात घासायचे. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात घरात तुमचं राज्य मुकं चाले. तोंडात काळी लाळ भरलेली, बोलता येत नाही, म्हणून एक ‘हूं’ म्हणजे चहा ठेव, दोन ‘हूं’ म्हणजे दूध उतू चाललं, अन् नुसता हात झटकला म्हणजे मी बिनकामाची. मी मनात म्हणायची, ही बाई मला वळण लावते अन् हिला स्वतःचं थुंकणं सोडवत नाही.

अन् लेकराला ते शिकवलं कोणी? तुम्हीच. माझी पोरगी चालायला लागली तशी मोरीपाशी येऊन तुमच्या बाजूला बसायची अन् डबीसाठी हात करायची. रडू नये म्हणून तुम्ही तिला तसलीच दुसरी रिकामी डबी दिली. झालं. पोट्टी डबी उघडायची, आत बोट फिरवायची, मग तेच बोट हिरड्यांवर फिरवायची अन् तुमच्यासारखं ‘हूं’ करायची. शेजारणी मुद्दाम पाहायला यायच्या. तुमचा लेक पाळीवरून आला की तिला उचलून विचारायचा, ‘काय म्हणते माही बुढी?’ सगळे हसत होते. त्या वयाचं लेकरू मोठ्यांचं पाहूनच तोंडात घालतं, अन् रिकामी डबी कोणती, भरलेली कोणती हे त्याला कळत नाही, एवढी साधी गोष्ट घरातल्या तीन मोठ्या माणसांच्या डोक्यात आली नाही.

थंडीचे दिवस होते, सकाळची वेळ. तुम्ही मोरीपाशी, तोंड भरलेलं. भरलेली डबी त्या दिवशी देवळीत नव्हती, खाली होती, पाण्याच्या माठामागं. ती तिथं कशी आली ते मागून लिहिते, आधी हे लिहू द्या. दार वाजलं, तुमचा लेक आला होता, मी उघडायला गेली. तेवढ्यात पोरगी माठामागं जाते, डबी उघडते, अन् आज डबीत काहीतरी आहे म्हणून खूश होऊन चारी बोटं आत घालते. तुम्ही समोर होत्या. तुम्ही पाहिलं. अन् तुम्ही काय केलं, बाई? तुम्ही ‘हूं’ केलं. मग मोठ्यानं ‘हूं हूं’ केलं. मीही दारातूनच ‘हूं’ केलं, ऐकलं म्हणून. मग तुम्ही उठल्या, मोरीत थुंकल्या, अन् तेव्हा कुठं तुमचं तोंड मोकळं झालं: ‘अवो, पोट्टीनं मिसरी खाल्ली वो.’ किती वेळ गेला असेल? तांब्याभर पाणी ओतायला लागतो तेवढा. पण तो वेळ मी जन्मभर तुमच्या नावावर लिहिला.

नंतरचा सगळा निव्वळ मूर्खपणा. लाइन गोळा झाली अन् जी ती वैद्य झाली. गार्डाची बायको म्हणे मीठपाणी पाजा, खळखळून ओकू द्या. दुसरी म्हणे घशात बोट घाला, तिसरी म्हणे तूप चाटवा. एकीनं तर चिंचेचं पाणी करून आणलं, तिच्या नवऱ्याची दारू म्हणे त्यानंच उतरते. दीड वर्षाचं लेकरू अन् तो रेडा, तिला दोन्ही सारखेच. एकीलाही सुचलं नाही की आधी तोंड उघडून आत चिकटलेलं काढावं. तुम्ही मीठ कालवलं, मी पोरीचं नाक दाबलं, अन् दोघींनी मिळून पाजलं. ती ओकली. काळं काळं ओकली. बाया म्हणाल्या निघालं सगळं, आता चिंता नाही. अन् पोरगी पांढरी पडत चालली. थंडीत कपाळाला घाम, लाळ थांबेना, अन् मान ओल्या फडक्यासारखी एका बाजूला. रडत होती तोवर मी तिला गप गप म्हणत होती. ती खरंच गप झाली तेव्हा मी तिला रड रड म्हणत हलवायला लागली. तुमच्या लेकानं कोणाचं ऐकलं नाही. तिला उचललं अन् दवाखान्याकडं पळत सुटला. मागं मी. माझ्यामागं तुम्ही, अनवाणी, मूठ छातीशी आवळून. मला वाटलं, बाई आता रस्त्यात छाती पिटणार.

स्टेशनाजवळच्या त्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते. अंगानं बारीक, आवाज मात्र हवालदाराचा. त्यांनी पोरीला कुशीवर निजवलं, तोंडात बोट फिरवलं, ओल्या कापडानं हिरड्या पुसल्या, तर गालाच्या आतून अजून काळं निघालं. म्हणजे आम्ही तिला सगळं पाजत बसलो होतो अन् विष तिच्या गालातच होतं. मिठाच्या पाण्याचं कळलं तसे ते उखडले. म्हणाले, ‘तंबाखू पोटात गेली तर लेकरू आपणच ओकतं. तुम्ही बळजबरी ओकवाल तर ते श्वासात जाईल. अन् मीठपाणी म्हणजे एका विषावर दुसरं विष. काही पाजायचं नाही. तोंडातलं काढा, पुसा, कुशीवर धरा अन् लगेच घेऊन या. खेळत असलं तरी घेऊन या, घरी वाट पाहू नका.’ गुंगलेल्या लेकराच्या तोंडात तर थेंबही घालू नये, हेही तेव्हाच सांगितलं. मग विचारलं, नेमकं काय खाल्लं अन् किती. तुमचा लेक माझ्याकडे पाहतो, मी भिंतीकडे. तेव्हा तुम्ही मूठ उघडली. मुठीत डबी होती. त्या सगळ्या गोंधळात ती सोबत घ्यायचं एकट्या तुम्हाला सुचलं होतं. डॉक्टरांनी वास घेतला अन् म्हणाले, हे एक काम शहाणपणाचं केलं.

तुम्ही डबीत पाहिलं. आदल्या दिवशीच भरलेली, दाबून बसवलेली, म्हणून पळतानाही हलली नव्हती. मधोमध लेकराच्या बोटांचा खड्डा. कडेला तुमच्या चिमटीची खूण. अन् त्या खुणेच्या बाजूला आणखी एक, लहान, घाईघाईची. तुम्ही मान वर केली अन् माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी पदर तोंडाला लावला. मग तुम्ही डॉक्टरांना म्हणाल्या, ‘दोन चिमटी माह्या आहेत. बाकीची पोट्टीनं घेतली, पण माठामांगं सांडली बी लय.’ डॉक्टर म्हणाले, एका सकाळी दोनदा? तुम्ही म्हणाल्या, ‘दाढ दुखून राहिली होती.’ तुमच्या लेकानं विचारलं, डबी खाली कोणं ठेवली. तुम्ही म्हणाल्या, ‘म्या.’

ती दुसरी चिमूट माझी, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी कुठंच कधी लिहिलं नव्हतं. बाळंतपणात माझी दाढ ठणकत होती तेव्हा तुम्हीच एकदा बोटभर लावून दिली. दाढ थांबली अन् डोकं असं हलकं झालं की दाढ दुखायची थांबल्यावरही मी तुमची पाठ फिरली की देवळीत हात घालायची. शेजारणींत तुमच्या काळ्या दातांना नावं ठेवायची अन् घरी येऊन राखेनं आपले घासून पांढरे करायची. त्या सकाळी चिमूट तोंडात टाकली अन् दार वाजलं. डबी माठामागं सरकवली, ओठ पुसला अन् दार उघडलं. दारातून मी नुसतं ‘हूं’ का केलं? कारण माझंही तोंड भरलेलं होतं. तुम्ही निदान थुंकून ओरडल्या. मी तर नवऱ्यासमोर थुंकता येईना म्हणून गिळली. मग दवाखान्याच्या पायरीवर मला घाम फुटला, भोवळ आली, मी ओकली, तर नर्स पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आईचं काळीज असंच असतं. काळीज कुठलं, मिसरी होती. डॉक्टर दोन हातांवर होते, मी त्यांनाही सांगितलं नाही. दुपारी पोरीनं डोळे उघडले अन् भोकाड पसरलं. कोणाच्या रडण्यानं मी एवढी खूश झाली नव्हती कधी.

तुमच्या लेकानं घरी आल्यावर एकच वाक्य म्हटलं: ‘माय, आता लेकराले हात लावू नको.’ तुम्ही लावला नाही. पोरगी तुमच्याकडे झेपावायची अन् तुम्ही दोन्ही हात पाठीमागं घेऊन भिंतीला सरकायच्या. मला ते पाहवत नव्हतं, म्हणून मी पाहत नव्हती. पोळ्या करत होती. होळीच्या आधी तुम्ही अकोल्याला लेकीकडे गेल्या, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, डबी घेऊन. लोक अजून म्हणतात, हिनं लेकरासाठी घरातून मिसरी काढली. माझी तर कोणाला माहीतच नव्हती; डबीच घरातून गेली, मी सोडते कशी नाही. पुढं लाइनीत माझंच नाव झालं. शेजारच्या लेकरानं बिडीचं थोटूक चावून खाल्लं तेव्हा त्याच बाया तेच मीठ घेऊन धावल्या, अन् मी गार्डाच्या बायकोच्या हातातला पेला उलटा केला. लेकराच्या तोंडातलं बोटानं काढलं, पुसलं, उरलेलं थोटूक त्याच्या मायच्या पदराला बांधलं अन् तिला दवाखान्याच्या वाटेला लावलं. लेकरू संध्याकाळी दारात खेळत होतं. बायांनी विचारलं, तुला हे सगळं कसं माहीत. मी म्हटलं, आमच्या बाईंच्या अडाणीपणानं शिकवलं.

पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा मी तिला घेऊन अकोल्याला आली. तुम्ही खाटेवर बसलेल्या, वाळून अर्ध्या झालेल्या. नणंद भाजी विकायला गेलेली, घरात आपण तिघीच. पोरगी माझ्या पातळाला धरून तुम्हाला पाहत होती. तुम्ही खाटेवरची वाकळ सारखी करून बाजूला जागा केली. मग विचारलं, ‘घेऊ काय वो मी तिले?’ सासू सुनेला विचारून राहिली. तेव्हा सांगायला काय झालं होतं, बाई? ऐकायला कोणी नव्हतं. मी काय म्हटलं ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, ‘आधी हात धुवा.’ तुम्ही उठल्या, भिंतीला धरत मोरीपर्यंत गेल्या, हात धुतले, परत आल्या, अन् शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही तळवे मला उलटेसुलटे दाखवले. मग ती तुमच्या मांडीवर बसली. मी वाट पाहत होती तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. बोलल्या असत्या तर मी भांडली असती, अन् भांडणात खरं आपोआप बाहेर पडलं असतं. तुम्ही तिची वेणी घालत बसल्या. काळे दात, थुंकणं, मीठपाणी, हे सगळं मी तुम्हाला कधीच माफ केलं असतं. पण तुमचं ते गप्प बसणं मला अजून सहन होत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेल्या अन् ते गप्प बसणं माझ्याकडे ठेवून गेल्या.

आत्ता हे लिहिताना माझी लेक खोलीत आली होती, पणतीला खांद्यावर घेऊन. विचारलं, ‘माय, काय लिहून राहिली एवढं सकाळपासून?’ खोलीत ती, मी अन् ते लेकरू, ज्याला काही कळत नाही. काल चारचौघांत नाही जमलं म्हणावं, तर आज चारचौघंही नव्हते. मी कागद उलटा केला अन् म्हटलं, किराण्याची यादी. ती म्हणाली, ‘साखर बी लिहजो, संपली.’ ती समोर उभीच होती, म्हणून मला लिहावं लागलं. या पानाच्या मागं साखर लिहिलं आहे, बाई. ते तुमच्यासाठी नाही.